पूजेतला कॉम्प्युटर

कोट्रेश सरांनी आम्हा बावीस बायकांना तीन महिने कॉम्प्युटर शिकवला. त्या तीन महिन्यांत वर्गात कॉम्प्युटर एकदाही चालू झाला नाही. आमच्या गावात ही गोष्ट कुणाला विचित्र वाटली नाही, म्हणून मी ती लिहून ठेवते आहे.

गाव ब्याडगीच्या पुढं, कदरगट्टी. इथं मिरची सोडून काही नाही. पावसाळा संपला तरी शीतगृहातली जुनी पोती निघतात, आणि आम्ही बायका अंगणात ढिगाभोवती बसून देठ खुडतो. ब्याडगीची मिरची रंगाची, तिखटाची नव्हे, असं शहरातली माणसं म्हणतात. त्यांनी आठ तास देठ खुडावेत आणि मग एकदाच डोळा चोळून बघावा.

महिला संघांसाठी सरकारी योजना आली आणि पंचायतीच्या जुन्या सभागृहात दहा कॉम्प्युटर येऊन बसले. कोट्रेश सरांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला लाल कापडाचं झालरीचं झबलं शिवून घातलं. चपला बाहेर. बोलायचं हळू. बाळंतिणीच्या खोलीत जातात तशा आम्ही आत जायचो आणि सतरंजीवर बसायचो. सर खुर्चीवर. मग ते वही उघडून सांगायचे, "लिहा. संगणक म्हणजे काय. संगणक हे विजेवर चालणारे यंत्र आहे." आम्ही लिहायचो. "सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे. म्हणा सगळ्या." आम्ही म्हणायचो. मेंदू झबल्यात झोपलेला असायचा.

माझ्या शेजारी फक्कीरव्वा बसायची. वर्गातही शेजारी, मिरचीच्या ढिगावरही शेजारी. ती एकदा पुटपुटली, "दुरगव्वा, मेंदू आहे तर जागा कधी होतो गं?"

मी म्हटलं, "सरांचा झाला की त्याचा होईल."

ती इतकी हसली की सरांनी तिला उभं केलं आणि कॉम्प्युटरचे सात भाग म्हणायला लावले. तिनं सातही म्हटले. पाठांतरात आमच्या बायकांना कुणी हरवू शकत नाही. सात भाग पाठ, आणि बटण कुठं असतं ते बावीसजणींपैकी एकीला ठाऊक नाही.

शनिवारी मात्र झबली निघायची. योजनेच्या लोकांना फोटो पाठवावा लागे. दहाजणी खुर्चीवर, हात माउसवर, डोळे काळ्या काचेवर. फोटो झाला की उरलेल्या बाराजणी. त्या काचेत आम्हाला आमचीच तोंडं दिसायची. पहिल्या शनिवारी फोटो झाल्यावर सरांनी सगळे माउस हातानं सरळ करून ठेवले आणि सवयीनं डोळा चोळला. आम्ही देठ खुडून थेट आलो होतो. सर आधी खुर्चीवर बसले, मग उठले, मग भिंतीला धरून बाहेर गेले आणि टाकीत डोकं घालून बसले. फक्कीरव्वा म्हणाली, "सरांना शिक्षण झोंबलं."

त्यानंतर नियम झाला. बायकांनी माउसला हात लावायचा नाही. फोटोसाठी हात माउसच्या वर चार बोटं अंतर ठेवून धरायचा. फोटोत कळत नाही म्हणे. बावीस बायका, हात हवेत, जशा काही कोंबडी पकडायला टपल्यात. ते फोटो बेंगळूरूला गेले आणि तिकडून शाबासकी आली.

आणि दुसरा नियम माझ्यापुरता झाला. "दुरगव्वा, तू रोज सकाळी येऊन खोली झाडून जात जा. किल्ली ठेव तुझ्याकडं." बावीसजणींत मीच का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी एकटीच केरीतली, गावाबाहेरच्या दलित वस्तीतली होते, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. झाडू धरायला माझा हात चालतो, माउस धरायला चालत नाही. मिरचीमुळे म्हणायचे. माझ्या शेजारच्या लिंगायत बायकांच्या हातालाही तीच मिरची होती.

पण किल्ली किल्लीच असते. सकाळी सहाला मी जायची. घरून खोबरेल चोळून, शिकेकाईनं दोनदा हात धुऊन. झाडायला दहा मिनिटं लागायची, उरलेला पाऊण तास माझा. पहिल्या दिवशी मी झबलं काढलं, भिंतीतलं बटण दाबलं, डब्यावरचं दाबलं. यंत्र घुरघुरलं आणि त्यानं परवलीचा शब्द मागितला. तो सरांनी चिठ्ठीवर लिहून काचेच्या मागं चिकटवलेला होता, कारण त्यांना तो पाठ नव्हता. सात भाग आम्हाला पाठ करायला लावणारा माणूस.

मी शिकले म्हणजे काय, धडपडले. माउस कसा चालतो ते कळेना. बाण कडेला गेला की मी माउस उचलून काचेला लावायची. आठ दिवस मी असला येडेपणा केला. एकदा सरांचे हजेरीचे सगळे फोटो माझ्या हातून नाहीसे झाले. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी ते पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात सापडले, जसेच्या तसे. पुसलेलं लगेच मरत नाही, डब्यात पडून राहतं, हे मला त्या दिवशी समजलं. सरांच्या वहीत हे कुठं नव्हतं. मग मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं कळा काढल्या आणि ढिगाजवळ ठेवल्या. देठ खुडता खुडता डाव्या हातानं त्यावर माझं नाव दाबायची. बायका म्हणायच्या, दुरगव्वाच्या बोटात काहीतरी शिरलंय, मंत्र घालून आणा.

"कशाला एवढं?" फक्कीरव्वानं विचारलं. "सर्टिफिकीट तर सगळ्यांना मिळणार."

"मला खुर्ची पाहिजे."

खुर्ची कुठली, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शीतगृहाच्या सहकारी संस्थेनं दाराशी काचेची खोली बांधली होती. शेतकरी पोती आणणार, आतली बाई कॉम्प्युटरवर चिठ्ठी काढणार: नाव, पोती, कुठल्या खणात. जागा एक. संघातलीच बाई, दहावी पास, कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र. मी सातवीला शाळा सोडली होती, पण दहावी बाहेरून दिली, तिसऱ्या खेपेला सुटले. मला दोन वर्षं खोकला आहे. डॉक्टर म्हणाला, मिरचीचा धुरळा सोड. जसा काही धुरळा माझ्याकडं पाहुणा म्हणून आलाय आणि मी त्याला जा म्हणत नाही. त्या काचेच्या खोलीत धुरळा नव्हता. मला एवढंच पाहिजे होतं.

संस्थेचे अध्यक्ष वीरभद्रप्पा यांची भाची विद्याश्री हिच्यासाठी ती खोली बांधली, हेही गावाला ठाऊक होतं. पोरगी वाईट नाही. वर्गात दोनदा आली, दोन्ही वेळा शनिवारी. अर्ज फक्त ऑनलाइन घ्यायचे असं अध्यक्षांनीच ठरवलं. देठ खुडणाऱ्या बायका ऑनलाइन अर्ज कुठून करणार, हा त्यामागचा विचार. प्रगती म्हणतात ती ही.

अर्जात प्रमाणपत्राचा क्रमांक टाकावा लागे, आणि प्रमाणपत्रं वाटली नवरात्रातल्या अष्टमीला, संध्याकाळी, मांडव घालून. अध्यक्ष म्हणाले, आमच्या भगिनींच्या बोटांवर आता जग नाचतंय. प्रत्येकीला कागद आणि एक नारळ. मी कागद घेतला, क्रमांक बघितला आणि मांडवातच सरांना गाठलं.

"सर, अर्जाची शेवटची वेळ उद्या संध्याकाळी पाच आहे."

"उद्या आयुधपूजा."

"म्हणूनच म्हणते. सकाळी लवकर खोली उघडून भरू दे. बाकीच्यांचेही भरता येतील."

"अगं, शेवटची तारीख सुट्टीला आली की पुढचा कामाचा दिवस धरतात. एवढंही माहीत नाही? विद्याश्रीचा अर्जसुद्धा माझ्याचकडं आहे. दसरा होऊ दे, बन्नीचं पान सोनं म्हणून वाटून होऊ दे, मग निवांत भरतो."

"पानावर तसं लिहिलेलं नाही."

"पानावर काय लिहिलंय ते तू मला सांगणार?"

"अर्ज कॉम्प्युटर घेणार ना सर? त्याला सुट्टी कोण देणार?"

"मी देणार," सर म्हणाले आणि शेजारच्यांकडं बघून हसले. "सकाळी दहाला, भटजी बोलावून."

नवमीला आमच्याकडं कुणी हत्याराला हात लावत नाही. विळे, कोयते, तराजू, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, सगळं धुऊन, कुंकू लावून पूजेला बसतं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत उठत नाही. चालवणारा माणूस वर्षभर जुंपलेला असतो, त्याला कुणी हार घालत नाही, ते असो. सरांनी दहाच्या दहा कॉम्प्युटरची झबली काढली, काचांवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, मधे कुंकवाचा टिळा. कळांवर झेंडू आणि अक्षता. माउसला हळदीच्या दोऱ्याचे वेढे, तोच दोरा पुढं दहाही यंत्रांभोवती फिरवून गाठ मारली. दारात कोहळा फोडला. माझ्या सगळ्या आयुष्यात एखाद्या वस्तूचा न वापरता एवढा मान झालेला मी बघितला नव्हता.

"दुरगव्वा, समईत तेल घालत राहा. विझू देऊ नकोस," म्हणून सर अध्यक्षांच्या ट्रॅक्टरच्या पूजेला गेले.

मी आधी झेरॉक्सच्या दुकानात गेले. शटर अर्धं, त्यावर केळीचे खुंट. मालक आत होळिगे, म्हणजे पुरणपोळी, खात होता. "उद्या ये अक्का, बन्नी झाल्यावर."

"उद्या उपयोग नाही. आज पाचपर्यंत आहे."

"आज मशीन झोपलंय."

"तू जागा आहेस की."

"मी जेवतोय," तो म्हणाला. त्याच्यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता. माझ्या मोबाइलवर बघितलं, तर ते पान अर्धंच दिसायचं, खालचं बटण काचेबाहेर. दोन वाजले. मी परत सभागृहात आले, समईत तेल घातलं आणि बसून राहिले.

मला भीती वाटली नाही असं मी लिहिणार नाही. माझ्याही घरी विळ्याला कुंकू होतं. आई सांगायची, नवमीला हत्यार उचललं की वर्षभर हात चालत नाही. पण खोकला आला, आणि तो नवमी-दशमी काही बघत नव्हता. तीन वाजता मी दोरा तोडला.

कडेचं यंत्र घेतलं. झेंडू काढून बाजूला ठेवले. चालू केलं तर यंत्र नेहमीसारखंच घुरघुरलं, त्याला आपण देव झाल्याचं कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. नाव लिहायला गेले तर एक कळ खाली जाईना. अक्षता अडकल्या होत्या. मी कळांचा फळा उलटा करून थोपटला, मूठभर तांदूळ पडले. काचेवरची विभूती मी सगळी पुसली नाही, जिथं वाचायचं होतं तिथली तेवढी पुसली. कुंकवाच्या टिळ्याखाली माझी जन्मतारीख होती.

साडेतीनला बायका प्रसादाची मंडक्की, म्हणजे चुरमुरे, घेऊन देवळाकडून आल्या. दारात थबकल्या. सगळ्यांत पुढं फक्कीरव्वा.

"दुरगव्वा. हे काय करतेस?"

"अर्ज."

"आज? अगं, आज कुणी विळासुद्धा उचलत नाही."

"मग सकाळी भाजी दातांनी चिरलीस?"

"कालच चिरून ठेवली होती."

"माझा अर्ज कालच चिरून ठेवता येत नव्हता. नंबर काल रात्री मिळाला."

मागून कुणीतरी म्हणालं, "देवी डोळे फोडेल हां तुझे."

"पाचपर्यंत थांब म्हणावं तिला. मग मोकळी आहे मी."

दोघी-तिघी हसल्या, बाकीच्या कानाला हात लावून गेल्या. पाच-सहाजणी मात्र उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या, मंडक्की खात, माझ्या डोळ्यांचं काय होतं ते बघत. प्रत्येकीकडं तेच प्रमाणपत्र होतं, कालचंच. फक्कीरव्वाचं तर कमरेच्या पिशवीतून वर आलेलं दिसत होतं. ती दहावी एका दमात पास झालेली. ती कशासाठी थांबलीय हे मला साडेतीनलाच कळलं होतं. मी मान वर केली नाही.

फोटो मोठा आहे म्हणून पानानं दोनदा परत केला. तो लहान कसा करायचा ते शोधण्यात पाऊण तास गेला. सही कागदावर करून मोबाइलनं फोटो काढला, तो आडवा आला. मी शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. चार वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्या मोबाइलवर सहा आकडे आले, मी ते टाकले, आणि हिरव्या अक्षरांत माझा अर्ज क्रमांक आला. मी तो प्रमाणपत्राच्या पाठीवर लिहिला. ते प्रमाणपत्र त्या वेळी पहिल्यांदा कामाला आलं.

"झालं?" फक्कीरव्वा उंबऱ्यावरून म्हणाली.

"झालं."

"दिसतंय का नीट? डोळ्यांनी?"

"तुझं तोंड दिसतंय. काय पाहिजे ते बोल."

ती थोडा वेळ पिशवीशी चाळा करत राहिली. "माझा पण होईल का गं? तुझं आता बसलंच आहे मोडून. एकीनं मोडलं काय, दोघींनी काय. पाप तर तुझ्याच नावावर."

जागा एक होती. हे तिला माहीत होतं आणि मला. पण नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून सरांसारखंच काहीतरी बाहेर येणार असं वाटलं. "हात धुऊन ये. आणि मी काही दाबणार नाही. मी सांगेन, तू दाबायचं."

पावणेपाचला ती खुर्चीवर बसली. तीन महिने हात हवेत धरून शिकलेली बाई. आताही हात माउसच्या वर चार बोटं.

"खाली ठेव," मी म्हटलं. "चावत नाही."

एकेक अक्षर ती असं शोधायची जसं कुणी तांदळातले खडे शोधतं. पण फोटो, सही, सगळ्या खाचाखोचा मला आता ठाऊक होत्या. पाचला सात मिनिटं असताना ती शेवटच्या पानावर आली. पान म्हणालं, मोबाइलवर आलेले सहा आकडे टाका.

"मोबाइल काढ."

ती माझ्याकडं बघत राहिली. "नंबर यजमानांचा आहे. माझा कुठं असतो?"

"मग त्यांना फोन कर, आकडे विचार."

"फोन पूजेत आहे."

तिच्या नवऱ्यानं लॉरी धुऊन मारुतीच्या पारापुढं उभी केली होती, आणि तिच्यापुढं पान्हे, जॅक आणि मोबाइल असं सगळं मांडून हार घातला होता. आमच्या गावात फोनसुद्धा त्या दिवशी हत्यार असतो. फक्कीरव्वा उठली आणि पदर खोचून पळाली. मी तिला एवढं पळताना कधी बघितलं नव्हतं. बाकीच्या बायका रस्त्यावर जाऊन बघायला लागल्या.

मी खुर्चीवर बसले. चार मिनिटं उरली. तीन.

माझा मोबाइल वाजला. पलीकडं फक्कीरव्वा धापा टाकत होती आणि तिच्यामागं नवरा ओरडत होता, ठेव तो, ठेव म्हणतो ना खाली. ती म्हणाली, "घे. चार. नऊ. नऊ. शून्य."

मी दाबले.

"दोन. ऐकतेस ना? आणि सात."

मी दोन दाबला आणि माझं बोट थांबलं. विद्याश्रीचा अर्ज सरांच्या खणात होता. गावात दुसरं एकही यंत्र जागं नव्हतं. सात दाबला नाही तर त्या खुर्चीसाठी अख्ख्या तालुक्यात एकच अर्ज राहणार होता. आणि कुणाला कळणारही नव्हतं. सांगितलं असतं, आकडे उशिरा आले, पानानं घेतले नाहीत. कॉम्प्युटरवर काहीही ढकलता येतं, ही गोष्ट तर सर्वांना न शिकवताच येते.

"झालं का गं?" फक्कीरव्वा म्हणाली. नवरा आता तिच्या अगदी कानाशी ओरडत होता. "दुरगव्वा, सांग की. हा हात उगारतोय."

मी सात दाबला. हिरवी अक्षरं आली. पाचला एक मिनिट कमी.

"झालं. त्याला म्हणावं, आता ठेवते खाली."

पाच वाजून दहा मिनिटांनी अध्यक्षांची जीप आली. विद्याश्रीच्या मोबाइलवर निरोप आला होता की अर्जाची मुदत संपली. अध्यक्ष पुढं, कोट्रेश सर मागं, सरांच्या कपाळावर ट्रॅक्टरच्या पूजेचं कुंकू अजून ओलं. सरांनी तुटलेला दोरा बघितला, खाली पडलेले तांदूळ बघितले, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं मी देवळात चूल मांडली.

"पूजा मोडलीस. कुणाला विचारून? तुला तेल घालायला ठेवलं होतं."

"तेल घातलं सर. समई जळतेय, बघा."

"घरात कुणी काही शिकवलंय की नाही? हत्याराला आज—"

"कोट्रेश," अध्यक्ष म्हणाले. "पूजेचं मग बघू. विद्याश्रीचा अर्ज भर."

माझ्या डोळ्यांदेखत सरांनी मधल्या यंत्रावरचा हार ओढून काढला. विभूती स्वतःच्या शालीनं पुसली. दोऱ्याची गाठ सुटेना, तर दातानं तोडली. उंबऱ्यावरच्या बायका टक लावून बघत होत्या. आता सरांचे डोळे फुटतात का, बघायला हरकत नव्हती. यंत्र चालू झालं, परवलीचा शब्द मागितला. सर काचेच्या मागं वाकून चिठ्ठी शोधायला लागले.

"कोट्रेश एक दोन तीन," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघायला तयार नव्हते. पान उघडलं. त्यावर एकच ओळ होती, अर्ज स्वीकारणे बंद झाले आहे.

"उघड ते," अध्यक्ष म्हणाले.

"ते इथून उघडत नाही, साहेब. बेंगळूरूहून बंद होतं. पाचला आपोआप."

"आपोआप कसं? आज सुट्टी आहे ना? तूच म्हणालास पुढचा दिवस धरतात."

"धरतात, साहेब. ऑफिसात धरतात."

"मग बेंगळूरूला फोन लाव."

सरांनी लावला. घंटी वाजत राहिली. तिथंही पूजा होती. अध्यक्ष खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "तीन महिने काय शिकवलंस रे तू?" तो प्रश्न आम्हाला विचारला असता तर आम्ही सात भाग म्हणून दाखवले असते.

नंतर अध्यक्षांनी ही भरतीच रद्द करायची खटपट केली. पण दिवाळीच्या आत जागा भरली नाही तर योजनेचं अनुदान परत जाणार होतं, आणि अनुदान परत जाऊ देणं आमच्या अध्यक्षांच्या धर्मात बसत नाही. मुलाखतीला आम्ही दोघीच होतो. तालुक्याहून आलेल्या बाईनं दोघींना एकेक यंत्र दिलं आणि पोत्यांच्या पाच चिठ्ठ्या काढायला सांगितल्या. फक्कीरव्वाच्या दोन झाल्या, माझ्या पाच. खुर्ची मला मिळाली.

कोट्रेश सरांना आता शेजारच्या गावात दुसरा वर्ग मिळालाय. तिथं तीस बायका आहेत. फोटो मी बघितला, सगळ्यांचे हात हवेत.

फक्कीरव्वा अजून ढिगावर बसते. काचेतून मला दिसते. दुपारी डबा खायला माझ्या दाराशी येते, आत येत नाही, तिखट हात बाहेर धुते, आणि रोज एकदा तरी म्हणते, "साडेतीनलाच हाक मारली असतीस, तर माझाही हात बसला असता. पावणेपाचला बसवलंस मला. मुद्दाम."

"साडेतीनला तू माझे डोळे फुटायची वाट बघत होतीस."

"बघत होते. पण तुला दिसत होतं ना, पिशवीत कागद आहे ते?"

दिसत होतं. मी तिला तसं सांगितलेलं नाही, इथं लिहिते आहे. आम्ही दोघी खरं बोलतो. पण धुरळ्यात ती आहे आणि मी नाही, म्हणून तिचं थोडं जास्त खरं आहे.